सासूबाईंना घेऊन सांगली ते टोकियो, इकॉनॉमीतून

जपानहून आल्यापासून विचारणा एकच आहे: आईंना एवढ्या लांब नेलंत कसं, आणि तेही इकॉनॉमीनं? विचारणाऱ्यांच्या घरातही पंचाहत्तरीच्या पुढचं कोणीतरी असतं आणि मुलं सातासमुद्रापार असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय ७८, दोन्ही गुडघे झिजलेले. घरात काठीनं फिरतात, गणपती मंदिरात गाडीनं जातात, जिना टाळतात. माझी लेक टोकियोत निशी-कसाईला राहते. तिला मुलगी झाली आणि पणतीचं तोंड बघायला जायचंच, हे आईंनी त्याच दिवशी ठरवलं. ह्यांना येणं शक्य नव्हतं. तासगावकडे आमची द्राक्षबाग आहे आणि ऑक्टोबर छाटणी टाकून बागायतदार कुठे हलत नाही. तेव्हा आम्ही दोघीच निघालो.

माझं मत आधीच सांगते. इकॉनॉमीच्या खुर्चीत सात तास बसणं म्हाताऱ्या माणसाला वाटतं तितकं जड जात नाही. आई घरीही दुपारभर खुर्चीत बसून पोथी वाचतातच. जड जातं ते उतरणं, चालणं, रांगेत उभं राहणं आणि पुन्हा दुसऱ्या वाहनात चढणं. म्हणून तिकीट घेताना लोक विमानाचं नाव, टीव्हीचा पडदा आणि जेवण बघतात, तिथे मी मधले टप्पे बघितले. माणूस कुठे किती चालणार, कुठे बसायला मिळणार, संडास किती लांब, चुकलं तर सांगायला कोण, हे प्रश्न मी प्रत्येक टप्प्याला लावले. खालची सगळी बरी-वाईट मतं त्याच मापानं आहेत.

टोकियोला दिल्लीहून थेट विमान आहे, पण सांगलीहून आधी दिल्ली गाठायची म्हणजे एक टप्पा वाचवून दुसरा वाढवायचा. एका एजंटानं दोन वेगळ्या कंपन्यांची दोन तिकिटं जोडून स्वस्तातला मार्ग काढून दिला होता. दोघींच्या मिळून बारा-तेरा हजार वाचत होते. मी नको म्हटलं. दोन तिकिटं वेगळी असली की बहुतेक वेळा मधल्या विमानतळावर सामान स्वतः ताब्यात घ्यावं लागतं, त्यासाठी त्या देशात शिरावं लागतं, तिथला व्हिसा लागू शकतो, आणि पहिलं विमान उशिरा पोहोचलं तर दुसऱ्या कंपनीचा तुमच्याशी काही संबंध राहत नाही. एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर सगळा प्रवास असला की पुढचं विमान चुकल्यास दुसऱ्या विमानात बसवणं ही कंपनीची जबाबदारी असते. तरणी मुलं ही धावपळ करतात, करू देत. काठी घेऊन चालणाऱ्या माणसासाठी ते बारा हजार वाचवण्याजोगे नाहीत. आम्ही सिंगापूर एअरलाइन्सचं मुंबई–सिंगापूर–नारिता असं एकच तिकीट घेतलं. जाताना सिंगापूरला चार तासांच्या आसपास मोकळे होते, येताना दीडेक तास.

तिकिटानंतर तीन गोष्टी मागून घ्यायच्या असतात आणि त्या आधीच मागायच्या. पहिली व्हीलचेअर. ती मोफत असते, पण किमान ४८ तास आधी कळवलेलं बरं. तिच्यातही प्रकार आहेत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही, पण पायऱ्या चढता येतात. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्याही जमत नाहीत. डब्ल्यूसीएचसी म्हणजे जागेवरून उठताही येत नाही. आईंसाठी मधला प्रकार सांगितला. तो सांगितला नसता आणि विमान शिडीला लागलं असतं, तर तिथे पंचाईत झाली असती.

दुसरी गोष्ट जेवण. इथे एक सापळा आहे. यादीत ‘हिंदू मील’ दिसतं आणि आपली माणसं विश्वासानं तेच निवडतात. त्यात गोमांस नसतं, पण कोंबडी, बकरं, मासे असू शकतात. शाकाहारी माणसानं ‘एशियन व्हेजिटेरियन’, म्हणजे एव्हीएमएल, मागायचं. आमच्या निघण्याच्या दिवशी संकष्टी होती आणि आईंनी आयुष्यात संकष्टी मोडलेली नाही. त्यांच्यासाठी पहिल्या विमानात फळांची थाळी, एफपीएमएल, मागितली. हे बदल उड्डाणाच्या २४ तास आधीपर्यंत करून घ्यावे लागतात. फायदा असा की खास जेवण ट्रॉली यायच्या आधीच जागेवर येतं.

तिसरी गोष्ट जागा. आईंना चालायच्या वाटेच्या कडेची, मला तिच्या शेजारची. सगळ्यात पुढच्या, भिंतीसमोरच्या रांगेत पाय पसरायला मिळतात म्हणून ती घ्यावीशी वाटते, पण तिथे हात टेकायचे दांडे वर होत नाहीत, पायाशी पिशवी ठेवू देत नाहीत आणि तान्ह्या बाळांचे पाळणे तिथेच लागतात. आपत्कालीन दाराजवळची जागा व्हीलचेअरच्या प्रवाशाला देतच नाहीत. संडासापासून चार-पाच रांगा पुढची कडेची जागा ही मला सगळ्यात सोयीची वाटली. त्याचे पैसे जास्त पडले, ते सार्थकी लागले.

सामानाबद्दल एकच सांगते, कारण आपल्याकडच्या बायकांना ते लागू आहे. सुकं खोबरं चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. त्यात तेल भरपूर असल्यामुळे ते पेट घेणाऱ्या मालात धरतात आणि २०२२ पासून आपल्याकडे त्यावर बंदी आहे. आईंनी लेकीच्या डिंकाच्या लाडवांसाठी खोबऱ्याच्या वाट्या बांधून ठेवल्या होत्या, त्या काढल्या. कढीपत्ता आणि ताजी फळं जपानमध्ये नेता येत नाहीत, तीही राहिली. हळद, मेतकूट, भडंग सुखरूप पोहोचलं. औषधांचं मात्र नीट बघा. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या जपानमध्ये एक महिन्याच्या पुरवठ्यापर्यंत सोबत चालतात, त्याहून जास्त असतील तर आधी परवानगी काढावी लागते. आपल्याकडे सर्दीवर सर्रास मिळणाऱ्या काही गोळ्यांमधलं स्यूडोएफेड्रीन ठरावीक प्रमाणापलीकडे तिथे बंद आहे. आईंच्या बीपीच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीत ठेवल्या.

आता सांगली ते मुंबई. पूर्ण प्रवासातला सगळ्यात वाईट टप्पा हाच होता.

मनात होती महालक्ष्मी एक्सप्रेस. रात्री खालच्या बर्थवर आडवं व्हायचं, सकाळी सीएसएमटी, तिथून टॅक्सीनं सहारचा विमानतळ. पण आरक्षण शेवटपर्यंत वेटिंगवर राहिलं. कोल्हापूरहून मुंबईला विमान आहे, पण लहान विमानाला शिडी आली आणि मुंबईत उतरून पुन्हा सगळी तपासणी. मग खासगी स्लीपर बस घेतली. बुकिंग करताना सायनला उतरवतो असं दोनदा कबूल केलं होतं. पेठ नाका, कराडच्या उड्डाणपुलाच्या कामाची ती धूळ, सातारा, खंबाटकी, सगळं झोपेत गेलं. पहाटे कळंबोलीला दिवे लागले आणि क्लीनर ओरडला, “मुंबईवाले खाली या, पुढं छोटी गाडी.” बाहेर अंधार, हायवेची कड, शेजारून ट्रक जातायत. छोटी गाडी म्हणजे उंच पायरीची व्हॅन, आणि तिच्यात आधीच माणसं. मी चालकाला म्हटलं, दादा, म्हातारं माणूस आहे, कबूल केल्याप्रमाणे सायनपर्यंत न्या. तो म्हणाला, मालकांशी बोला. मालकाचा फोन अर्थातच बंद. शेवटी बसमधल्या एका तरुण मुलानं ॲपवर टॅक्सी मागवून दिली, बॅगा उचलून ठेवल्या आणि गाडी निघेपर्यंत थांबला. त्याचं नावही विचारायचं राहिलं. हजारो मैलांच्या प्रवासात आईंना रस्त्यावर उभं राहायला लागलं ते फक्त इथे, आपल्या घरापासून एका रात्रीच्या अंतरावर, याचं मला आजही वाईट वाटतं. बसवाल्यांना माझं एवढंच सांगणं आहे: कळंबोलीला उतरवणार असाल तर तिकिटावर कळंबोली लिहा. माणूस त्याप्रमाणे सोय करतो.

मुंबईचं टर्मिनल २ आम्हाला सोपं गेलं. चेक-इन वरच्या, चौथ्या मजल्यावर आहे आणि गाडी थेट तिथपर्यंत जाते. पांढऱ्या मोरपिसाऱ्याच्या नक्षीचे ते उंच खांब बघून आईंनी काठी टेकून मान वर केली आणि म्हणाल्या, “हे देवळासारखं केलंय की गं.” काउंटरवर सामान देताना मी एक गोष्ट न चुकता करते. बॅगेला लावलेल्या पट्टीवरची अक्षरं वाचते. आमच्या पट्टीवर एनआरटी, म्हणजे नारिता, होतं आणि खाली मधला थांबा म्हणून एसआयएन. म्हणजे बॅगा थेट टोकियोला, सिंगापूरला त्यांच्याकडे बघायचं नाही. दोन्ही बोर्डिंग पासही इथेच मिळाले. व्हीलचेअर ढकलणारा मुलगा पाटणचा निघाला. सुरक्षा तपासणी, इमिग्रेशन, गेट, सगळीकडे तो आईंशी उसाच्या भावावर बोलत होता.

पहिलं विमान एअरबस कंपनीचं ए-३५०. इकॉनॉमीत तीन-तीन-तीन अशी बैठक. या विमानाच्या आत हवेचा दाब साधारण ६,००० फूट उंचीवर असतो तेवढा ठेवतात. जुन्या विमानांत तो ८,००० फुटांपर्यंत जातो. आपलं कळसूबाई ५,४०० फूट, म्हणजे त्याच्यापेक्षा थोड्या जास्त उंचीवर पाच-सहा तास बसल्यासारखं. आईंना धाप नाही, डोकं जड नाही. कानाला दडे बसतील म्हणून चढताना-उतरताना खडीसाखर चघळायला दिली.

या विमानात मला एक गोष्ट कळली, ती प्रत्येकानं माहीत करून घ्यावी. कडेच्या जागेचा हात टेकायचा दांडा वर होत नाही असं आपण धरून चालतो. आईंना उठताना गुडघा वळवायचा म्हणजे त्या दांड्यावरून अंग काढावं लागत होतं आणि त्या कळवळत होत्या. एअर होस्टेसनं ते पाहिलं. तिनं दांड्याच्या मागच्या टोकाला, खुर्चीला जिथे तो जोडलेला असतो तिथे खालून बोट घातलं, एक छोटी कळ दाबली आणि दांडा सरळ वर गेला. मग माझा हात धरून माझं बोट त्या कळीवर ठेवलं. बाहेरून ती अजिबात दिसत नाही. त्यानंतर आई आधी पाय बाहेर वळवायच्या, मग उठायच्या. दर तासा-दीड तासानं मी त्यांना संडासापर्यंत चालवून आणलं, बसल्या जागी पावलं वर-खाली करायला लावली. डॉक्टरांनी दाबाचे लांब मोजे दिले होते, ते सांगलीतूनच घालून निघालो होतो.

फळांची थाळी आली: कलिंगड, पपई, अननस, द्राक्षं. आईंनी एक द्राक्ष उचलून बघितलं, दाबून बघितलं आणि म्हणाल्या, “साखर नाही उतरलेली.” बागाईतदाराची आई! उरलेलं सगळं मात्र आवडीनं खाल्लं.

सिंगापूरला विमानाच्या दारातच व्हीलचेअर घेऊन बाई उभ्या होत्या, आईंचं नाव लिहिलेला टॅब हातात. चांगी विमानतळाची तारीफ सगळेच करतात. मला तिथलं जे आवडलं ते वेगळं आहे. जिथे बघाल तिथे बसायला जागा. चालताना दम लागला की वीस-पंचवीस पावलांत खुर्ची. खाली गालिचा, त्यामुळे काठी सटकत नाही. संडास भरपूर आणि कोरडे. मुख्य म्हणजे मधल्या प्रवाशांची सुरक्षा तपासणी एकाच ठिकाणी ढीगभर रांग लावून होत नाही. टर्मिनल १, २ आणि ३ मध्ये ती प्रत्येक गेटच्या तोंडाशी असते. त्यामुळे विमानातून उतरलं की माणूस मोकळा. त्याचाच एक तोटा: फिरताना भरून घेतलेली पाण्याची बाटली गेटवर रिकामी करावी लागते. म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्यांची वेळ त्या हिशेबानं आधी उरकून घ्यावी.

ज्वेल नावाची प्रचंड काचेची वास्तू आणि तिच्यातला ४० मीटर उंचीचा धबधबा २०१९ साली सुरू झाला. तो विमानतळाच्या बाहेरच्या बाजूला आहे, सिंगापूरचा व्हिसा नसेल तर तिथे पायी जाता येत नाही. पण टर्मिनल २ आणि ३ जोडणाऱ्या स्कायट्रेनचा रस्ता ज्वेलच्या आतून जातो. त्या बाईंनी आम्हाला त्याच गाडीनं नेलं. काही सेकंदांचाच खेळ. छताला असलेल्या भोकातून पाण्याचा लोट खाली कोसळताना दिसला आणि आईंनी दोन्ही हात जोडले.

आता संकष्टीची गोष्ट. चंद्रोदय झाल्याशिवाय उपास सोडायचा नाही. पण चंद्रोदय कुठला? सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तिथे चंद्र साधारण साडेनऊला उगवत होता, तेव्हा सांगलीत जेमतेम सात वाजलेले. सांगलीच्या चंद्राची वाट बघायची तर तिथल्या घड्याळात अकरा वाजून गेले असते आणि आम्ही पुढच्या गेटवर असतो. आईंनी ह्यांना फोन लावायला सांगितला. ह्यांनी दाते पंचांग काढलं, वेळ सांगितली आणि म्हणाले, “आई, तू ठरव.” आईंनी थोडा विचार केला. “मी आत्ता जिथं बसलेय तिथला धरायचा. गावाकडचा चंद्र गावातल्यांसाठी.” गेटाजवळच्या मोठ्या काचेतून चंद्र काही दिसला नाही, दिव्यांचा झगझगाट फार होता. पूर्व कुठे ते मोबाइलवर बघून त्या तिकडे तोंड करून बसल्या, अथर्वशीर्ष म्हटलं आणि डब्यातल्या दशम्या-गुळावर उपास सोडला. शेजारी बसलेलं चिनी जोडपं तोवर आवाज न करता थांबलं होतं. नंतर त्यातल्या बाईंनी खूण करून विचारलं, झालं का? आईंनी त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

रात्रीचं नारिताचं विमान झोपेत गेलं, लिहिण्यासारखं काही नाही. पहाटेच्या नाश्त्यात उपमा होता, चांगला होता.

नारिताला इमिग्रेशनला दोन्ही हातांच्या तर्जनीचे ठसे आणि फोटो घेतात. ‘व्हिजिट जपान वेब’ या सरकारी साइटवर लेकीनं आमची माहिती आधी भरून ठेवली होती, तिचा क्यूआर कोड दाखवला. आईंचे ठसे उमटेनात. आयुष्यभर भांडी, शेणकूट, भाकऱ्या केलेली बोटं ती. त्या अधिकारी मुलीनं ओला रुमाल आणला, बोटं पुसली, पुन्हा दाबली, पुन्हा नाही. मग तिनं स्वतःच्या दोन्ही हातांत आईंचा हात घेऊन जरा चोळून ऊब आणली आणि ठसा उमटला. आमच्या मागची रांग वाढत होती, पण एकानंही कुरकुर केली नाही.

बाहेर लेक उभी होती. तिनं आधी बॅगा आमच्याकडून काढून घेतल्या आणि विमानतळावरच्याच कुरिअरच्या काउंटरवर दिल्या. जपानमध्ये याला ताक्क्यूबिन म्हणतात. एका मोठ्या बॅगेचे साधारण तीन हजार येन, आणि दुसऱ्या दिवशी दारात. या सोयीला मी पैकीच्या पैकी गुण देते. बॅगा नसल्या की माणसाचे दोन्ही हात म्हाताऱ्या माणसासाठी मोकळे राहतात. औषधं आणि एक जोड कपडे तेवढे जवळ ठेवायचे.

नारिता टोकियो शहरात नाहीच. ते शेजारच्या चिबा प्रांतात, साठेक किलोमीटर लांब आहे. स्कायलायनर नावाची गाडी ताशी १६० किलोमीटरनं धावते, पण ती निप्पोरी-उएनोकडे जाते. तिथून निशी-कसाईला यायचं तर जिने आणि गाड्या बदलणं वाढतं. लेकीनं साधी ॲक्सेस एक्सप्रेस निवडली. हळू आहे, लोकलसारखी लांब बाकं आहेत, पण ती पुढे शहरातल्या असाकुसा मार्गावरून तशीच धावत राहते आणि निहोनबाशीला सोडते. तिथे एकदाच गाडी बदलायची. वेगापेक्षा एक बदल कमी होणं महत्त्वाचं, हे मला लेकीला सांगावं लागलं नाही, याचं फार समाधान वाटलं.

निहोनबाशीला तोझाई मार्ग. हा टोकियोतल्या सगळ्यात गर्दीच्या मार्गांपैकी एक, पण ती गर्दी सकाळी शहराकडे येणारी. आम्ही उलट दिशेला जात होतो. प्रत्येक स्टेशनला अक्षर आणि आकडा असतो. निहोनबाशी टी-१०, निशी-कसाई टी-१६. आईंना जपानी येत नाही, इंग्रजी येत नाही, पण आकडे येतात. लेकीनं सोळाचा आकडा कागदावर लिहून दिला आणि आई दर स्टेशनाला पाटीशी ताडून बघत होत्या. फलाटावर कोणत्या डब्याच्या कोणत्या दारासमोर लिफ्ट येते त्याचा तक्ता लावलेला असतो. त्या दाराशी उभं राहायचं, म्हणजे उतरल्यावर चालणं वाचतं. व्हीलचेअरचा प्रवासी असेल तर स्टेशनचा कर्मचारी घडीची फळी घेऊन येतो, डब्यात चढवून देतो आणि उतरायच्या स्टेशनला कळवतो. तिथला माणूस फळी घेऊन त्याच दाराशी हजर. आमच्याच डब्यात एक आजोबा असे चढले. आई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

निशी-कसाईला लिफ्टमधून खाली आलो तर समोर साडीतल्या दोन बाया कोथिंबीर घेऊन चाललेल्या. या भागात आपली माणसं इतकी आहेत की २०१९ मध्ये इथल्या एदोगावा प्रभागाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले. दहा मिनिटांत घर, आणि पणती आईंच्या मांडीवर.

परतीचा प्रवास थोडक्यात. सिंगापूरचा दीड तासाचा थांबा कागदावर पुरेसा दिसतो आणि व्हीलचेअर असल्यामुळे पुरलाही, कारण ढकलणाऱ्याला रस्ता पाठ असतो. पण आईंना मध्ये संडासला जायचं होतं, गेट उघडलेलं होतं आणि पाच मिनिटं माझा जीव टांगणीला लागला. ज्येष्ठ माणूस सोबत असेल तर अडीच ते चार तास ठेवा. त्याहून जास्तही नको, पाय सुजतात.

मुंबईत रात्री पोहोचलो. या वेळी बसच्या वाटेला गेलो नाही. चेंबूरला नणंदेकडे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी ह्यांनी सांगलीहून ओळखीची गाडी पाठवली. उजेडी प्रवास, साताऱ्याजवळ जेवण, संध्याकाळी घर. गाडीचं भाडं बसच्या कितीतरी पट झालं. ते मी तिकिटाचाच भाग धरते आणि दुसऱ्यांनाही धरायला सांगते. परदेशाचं तिकीट किती स्वस्त मिळालं ते आपण मोजतो, आणि सांगली ते सहार या टप्प्यासाठी मात्र हात आखडतो.

जाऊबाई मार्चमध्ये निघणार आहेत, त्यांचीही कंबर धरते. त्यांना दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एक, महालक्ष्मीचं आरक्षण विमानाच्या तिकिटाच्या आधी बघा, आणि तारीख त्याप्रमाणे ठरवा. दुसरी, नारिताऐवजी हनेदाला उतरणारं विमान शोधा. हनेदा टोकियो शहरातच आहे, शेवटचा तासभर वाचेल. सिंगापूरचा थांबा मात्र असू द्या, तिथे निवांत बसून गोळ्या घेता येतात.